पुदिन्याची मुळी

रायपूरच्या होस्टेलवरून निघताना मी रंगाची एक रिकामी बादली बरोबर घेतली. तळाला तापल्या सळईने भोकं पाडलेली. बाबा निवृत्त झाले होते, सेक्टर सहाचं क्वार्टर आठवड्याभरात कंपनीला परत द्यायचं होतं, आणि खुर्सीपारला भाड्याने घेतलेल्या वरच्या दोन खोल्यांना अंगण नव्हतं. आईचा पुदिना या बादलीतून न्यायचा होता.

आई पौषात गेली. तिने लावलेलं आणि अजून वाढणारं असं घरात तेवढंच उरलं होतं.

वाफा मागच्या नळाखाली होता. नळ सतत ठिबकायचा. आईने तो कधी दुरुस्त करू दिला नाही. मी सकाळी पोचले तेव्हा बाबा बाजारात होते. मागचं दार उघडून पाहिलं. गाजरगवत कमरेएवढं वाढलेलं, पण त्याच्या मधोमध पुदिना हिरवागार, आणि काठाला थोडा सांबार. कोथिंबिरीला आमच्या घरी सांबारच म्हणतात. मी दोन्हींची कोवळी टोकं खुडून घेतली. मुळ्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर काढायच्या ठरवल्या. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून एवढं तरी कळत होतं.

दुपारसाठी आईचं कोदोचं करायचं होतं. तिला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलं, आणि जन्मभर भातावर वाढलेल्या आईने कोदो हे भरडधान्य शोधून काढलं. कोदो कोरडाच भाजायचा, धुवायचा, दुप्पट पाण्यात झाकून शिजवायचा, मग परातीत पसरून पंख्याखाली ठेवायचा. परातीच्या बुडाला हाताची मागची बाजू लावून ती पाहायची. पूर्ण गार लागल्याशिवाय पाला टाकू द्यायची नाही.

"गरमात टाकला तं काळा पडते."

का काळा पडतो ते मी तिला एकदा समजावून सांगितलं होतं, हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं. "हो का? मंग गार होऊ दे."

मग चिरलेला पुदिना, सांबार, बारीक कांदा, भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट, मीठ. लिंबू ताटात वाढल्यावर.

आईने त्याला नाव दिलं नव्हतं. ते बाबांनी दिलं. चारा.

"मी काय बैल आहो? मले भात वाढ."

"खाऊन तं पाहा. शिंगं नाही फुटत."

हे रोजचं होतं. दोघंही हसत नसत, पण एवढं बोलून झाल्याशिवाय जेवण सुरू होत नसे. बाबांनी तो घास कधीच घेतला नाही. मागच्या महिन्यात फोनवर मात्र म्हणाले, "येशीन तवा तिचा तो चारा करून दे मले."

कोदो गार झाला, मी पाला मिसळला, तेवढ्यात बाबा लिंबं घेऊन आले.

"काय करून राहिली?" परातीवर वाकले. "पुदिना पावर हाउसच्या बाजारातला का?"

"नाही, आपलाच. आत्ता तोडला."

पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली नाही. हातात धरून उभे राहिले.

"तोंडात टाकला का तू?"

"नाही अजून. काऊन?"

"काल संध्याकाळी औषध मारलं मांगं. कचऱ्याचं. क्वार्टर पाहायले आलेला साहेब बोलला, पीछे का आंगन एकदम साफ चाहिए. माही कंबर वाकत नाही आता, मंग दुकानातून आणलं."

"पुदिन्यावर?"

"पुदिन्यावर कायले मारीन? बाजूबाजूनं मारलं. अन् कचऱ्याचं औषध आहे ते, पुदिना थोडीच कचरा आहे? पाह्य ना, कसा हिरवा आहे."

बाटली न्हाणीच्या खिडकीत होती. मी लेबल वाचलं: तणनाशक. त्या औषधावर मी परीक्षेत उत्तर लिहिलं होतं. ते पानातून आत शिरतं, झाडाच्या रसाबरोबर खाली उतरतं आणि मुळापर्यंत जातं. कचरा कुठला आणि पुदिना कुठला हे त्याला कळत नाही. पानं त्यानंतरही बरेच दिवस हिरवी राहतात.

वाफ्याजवळ जाऊन बसले. अगदी मधल्या पानांवरही वाळलेल्या थेंबांचे पांढरट डाग होते. सकाळी ते मला नळाच्या पाण्याचे वाटले होते.

"मिठाच्या पाण्यानं धुऊन घे ना," बाबा मागून म्हणाले.

"धुऊन जात नाही, बाबा. आत गेलं ते."

"अन् मुळी?"

बाबांची नजर दाराशी ठेवलेल्या बादलीवर गेली.

"म्हणजे मेला का?"

"हो."

"दिसते तं चांगला."

आईबद्दलही दवाखान्यात ते हेच म्हणाले होते.

उरलेलं अन्न आम्ही फाटकाजवळ गाईसाठी ठेवतो. ती परात मी तिथे नेली नाही. सगळं कागदात बांधून पिशवीत घातलं, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि शेजारी बेबीताईंकडे गेले. गल्लीत पुदिना सगळ्यांकडे आईचाच जायचा. कुणीतरी लावला असेल.

"मुळी?" बेबीताई हसल्या. "तुही माय देत होती का मुळी? दहादा मांगितली मी. म्हणे, मुळी दिली तं तू माह्या घरी कायले येशीन वं? पाला लागला का ये, चहा पी, पाला घेऊन जा." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "काऊन वं प्रेरणा, काय झालं?"

सांगितलं. त्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने उठून आतून एक वाटी आणली. परवा, औषध मारायच्या आधी, नेलेल्या पाल्याची चटणी होती.

"देठं आहेत का त्याची?" मी विचारलं. एखादं पेर मिळालं असतं तरी पाण्यात मूळ फुटलं असतं.

"देठं तं फेकली वं. सकाळीच कचऱ्याची गाडी येऊन गेली."

घरी येऊन दुसरा कोदो भाजला, धुतला, शिजवला, पसरला. परातीच्या बुडाला हाताची मागची बाजू लावून पाहिली. गार झाल्यावर बेबीताईंची चटणी मिसळली. तिच्यात लसूण आणि मिरची फार होती, पुदिना शोधावा लागत होता.

बाबांच्या ताटात वाढलं, लिंबू पिळलं. आज त्यांनी भात मागितला नाही. घास घेतला, बराच वेळ चावला, गिळला.

"चाराच आहे," ते म्हणाले.

आणि थांबले. दुसरा घास बोटांत तसाच होता. नजर ताटावरून उठून ओट्याकडे गेली.

पुढचं, आईचं शिंगांचं वाक्य मला पाठ होतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. मागे नळ वाफ्यावर ठिबकत होता, आणि बाबा वाट पाहत होते.