वेशीवरचं रक्ततीर्थ

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला आणि वेशीवरच्या नव्या लोखंडी कमानीच्या उजव्या खांबातून रक्त गळू लागलं. टँकरपुढे एकमेकींच्या झिंज्या ओढणाऱ्या बायका इथं मात्र मुकाट रांगेत उभ्या राहत. पिंडीवर टांगतात तशी गळती खांबाला डोक्याएवढ्या उंचीवर बांधली होती. प्रत्येकजण तीत तांब्याभर पाणी ओते. ते थेंबाथेंबानं खांबावरून उतरे आणि खालच्या थाळीत लालभडक होऊन पडे.

"धरणीमाय रडून राहिली, माय!" श्रीमंतबाबा मोरपिसं हलवत ओरडला. "डावा खांब झोपलाय, उजवा जागा हाय! घ्या रक्ततीर्थ. दमा जातो, साखर जाते, रक्तदाब तर पळतच सुटतो!"

"पळून कुठं जातो, बाबा? निलंग्याला?" पॉलिटेक्निकात शिकवणाऱ्या शिवकांतानं विचारलं.

रांगेत तिची आई गुरम्मा होती. पेला तोंडाशी, पाय सुजलेले. महिन्यापूर्वी शिवकांताचे आप्पा रक्तदाबानंच गेले. तेव्हापासून तिनं स्वतःच्या गोळ्या सोडल्या होत्या.

"अव्वा, नको पिऊ."

"गोळ्यांनी तुझ्या आप्पाला वाचिवलं का?"

शिवकांता खांबाकडे वळली.

"या पोलादाला रंग लावत नाहीत. ते भिजतं, वाळतं, पुन्हा भिजतं. हळूहळू त्याच्याच गंजाची घट्ट साल चढते आणि तीच आतलं लोखंड राखते. डावा खांब बघा, कसा तपकिरी झालाय. उजव्याला यांनी वाळूच दिलं नाही."

ती खाली वाकली. पाणी साठू नये म्हणून खांबाच्या पायाशी खोबणीला ठेवलेलं भोक शेंदूर कालवलेल्या मातीनं लिंपलेलं होतं. साठलेलं पाणी तिथं गंज मिसळून लाल होई आणि खोबणीच्या काठावरून थाळीत सांडे. तिनं केसातल्या आकड्यानं माती उकरली. लाल धार उडाली.

"कोप झाला!" बाबा किंचाळला. रांगेतल्या दोघींनी हात जोडलेही.

शिवकांतानं गळतीत बोट बुडवून चाटलं. "अव्वा, हे चाख."

कित्येक वर्षं अळणी जेवणाऱ्या गुरम्माला ओळखायला वेळ लागला नाही. "हेबी तीर्थासारखंच खारट हाय की!"

"मायचे आसू खारटच असणार!" बाबा म्हणाला.

"खांबाला लागायच्या आधीच? वरच्या भांड्यात?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. रांगेतल्या नागम्मानं बाबाची झोळी उलटी केली. आतून खडेमिठाची पुडकी पडली. मिठानं गंज फोफावतो, साल धरतच नाही. बाबाला एवढं रसायनशास्त्र येत होतं.

"डाक्टरनं माझं मीठ तोडलंय," गुरम्मा त्याला म्हणाली, "अन् तू मला रोज पेलाभर पाजून राहिलास?"

बाबा मोरपिसं टाकून उदगीरच्या बसमागं धावला.

घरी जाताना वाटेत गुरम्मानं विचारलं, "मग तुझ्या आप्पाला कुणाचा कोप झाला?"

"कुणाचाच नाही, अव्वा. आजार होता. औषध उशिरा सुरू झालं."

गुरम्मा बराच वेळ रडली. घरी येऊन तिनं गोळी मागितली.

माणूस गेला की मागच्यांना कारण हवं असतं, आणि ते पुरवायला असले बाबा टपलेलेच असतात. लोखंड भिजलं की गंजतं, रक्तदाबाला औषध लागतं. एवढं साधं उत्तर कडू वाटलं तरी तेच धरा. जो कुणी चमत्कार दाखवेल, त्याच्यापुढे हात जोडण्याआधी तो काय करतो ते नीट बघा, आणि चारचौघांत विचारा.