कडेचा शिंपला

साखळी

आईनं धाकटीला शिंपल्याची जाळी शिकवली.

उसवा.

आईनं धाकटीला शिंपल्याची जाळी शिकवली नाही. शिकवायला बसली होती एक-दोनदा, आणि प्रत्येक वेळी हातातली क्रोशाची सुई काढून घेत म्हणाली होती, "बाई गं, ही जाळी आहे. गोणपाट नव्हे."

धाकटी सोफ्याच्या कारखान्यात गाद्यांची कव्हरं शिवायची. तिथं टाका ओढून बसवला नाही तर गिऱ्हाईक टेकल्याबरोबर शिवण तडकते आणि मुकादम कव्हर तोंडावर फेकतो. दिवसभर असा आवळलेला हात घरी येऊन सैल सोडायचा कसा? जाळीत अर्धं काम दोऱ्याचं, अर्धं मोकळ्या जागेचं. धाकटीला दोरा जमायचा. मोकळी जागा जमत नव्हती.

थोरलीला जमायची. थोरलीचा हात म्हणजे लोणी. थोरली लग्न होऊन लांब गेली, सुई कुठं ठेवली तेही विसरली, पण हात लोण्याचा तो लोण्याचाच राहिला.

खांब

आईनं त्याच जाळीचा पलंगपोस विणायला घेतला होता. तो अर्धा झाला आणि आईच्या डोळ्यांतला उजेड गेला. बोटांचे सांधे सुजले, सुई धरवेना. पण बोटांची टोकं शाबूत होती. पलंगपोस पायाशी घडी घालून ठेवलेला असायचा. रोज तो उरावर ओढून घ्यायची, शेवटच्या ओळीवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "अर्धवटच राहणार हा. मी गेले की भांडी गुंडाळा यात."

"मी पुरा करते ना."

"तू सोफे पुरे कर."

आईचं खाणं, न्हाणं, नखं काढणं, कूस बदलणं सगळं धाकटीकडे होतं. त्याला कुणी शाबासकी देत नाही आणि तिला ती नकोही होती. तिला एवढंच हवं होतं, की तिनं विणलेल्या ओळीवरून आईचं बोट फिरावं आणि आईनं म्हणावं, बरं झालंय. छान नाही. बरं.

उसवण

कपाटात थोरलीनं शाळेत असताना विणलेला रुमाल होता. तीच जाळी, तोच शिंपला. एका भोकातून पंख्यासारखे निघालेले उभ्या टाक्यांचे खांब, मग रिकामी जागा, मग पुन्हा पंखा.

सुलट शिकवायला कुणी नाही म्हणून धाकटी उलटी शिकली. रुमालाची एक ओळ उसवायची, दोरा कुठून सुटतो, कुठं अडकतो ते बघायचं आणि त्याच दोऱ्यानं त्याच भोकांतून ती ओळ परत विणायची. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, फोमच्या ढिगावर बसून.

कापड कापणारी तिची मैत्रीण म्हणाली, "जाळं कुणासाठी गं?"

"नवरा धरायला."

"मग भोकं मोठी ठेव. बारीकसारीक निसटून जाऊ देत."

दोऱ्याला बोटाभोवती वेढा न देता तो नुसता टेकवून ठेवायचा, हे तिचं तिलाच सापडलं. मग हात सुटला. रुमाल वरपासून खालपर्यंत उसवून विणून झाला. थोरलीच्या हातचा एकही टाका त्यात उरला नाही, आणि कुणाला फरक सांगता आला नसता. तेव्हा कुठं, पलंगपोस धुवायला दिलाय असं आईला सांगून, तिनं त्याला सुई लावली. आई झोपलेली असताना, ओळीमागून ओळ.

कड

रविवारी सकाळी तिनं आईचा हात धरून नव्या ओळींवर ठेवला. 

आईचं बोट एकेका शिंपल्यावरून चालत गेलं. कडेला पोचून थांबलं. मागे आलं, वरची कड चाचपली, त्याच्या वरची. आणि आई हसली. किती तरी दिवसांनी.

"थोरली येऊन गेली होय? मला उठवायचं नाहीस?"

"ती कुठं आली?"

"मग पार्सलनं पाठवून विणून घेतलंस. शहाणी झालीस बाई."

"आई, मी विणलंय हे."

"तू?" आईनं तिचं बोट धरून कडेवर टेकवलं. "शिंपल्यात खांब सहा असतात. इथं मोज. पाच. दर वळणाला पाच. ओळ वळवताना एक खांब गाळतेच थोरली, पहिल्यापासून. घाई नुसती. मी शंभर वेळा सांगितलं, पण ऐकेल तर शपथ." ही तक्रार आई तोंडात खडीसाखर घोळवावी तशी घोळवत होती.

धाकटीचा एक टाका चुकला तर आई सबंध ओळ उसवायला लावायची.

"रुमाल बघून शिकले मी. चूक रुमालातली आहे." धाकटीनं रुमाल आणून तिच्या हातात दिला. "हासुद्धा आता मीच विणलाय."

आईनं रुमाल चाचपला, गालाला लावला. "काहीतरीच. हा तिचा. याला मी ओळखणार नाही? तिला फोन लाव."

धाकटीनं फोन लावला, आवाज मोठा करून आईच्या तोंडाशी धरला.

"काय गं, पलंगपोस तूच विणलास ना?"

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला. 

"हो आई. मीच. आवडला?"

फोन स्वयंपाकघरात नेऊन धाकटी म्हणाली, "खोटं का बोललीस?"

"अगं, म्हातारीच्या आवाजात केवढा आनंद होता. तुझं काय गेलं त्यात?"

धाकटीनं फोन ठेवला.

पुन्हा कड

दुसऱ्या दिवशी तिनं कडेच्या शिंपल्यात सहा खांब घातले. बरोबर, आईच्या नियमानं.

आईचं बोट तिथं अडलं. "ही ओळ तुझी वाटतं. तिच्या कामाला कशाला हात लावलास? उसव."

पलंगपोस थोरलीकडे पाठवते म्हणून सांगून धाकटीनं तो आत नेला आणि ओळ उसवली. पाच खांबांनी पुन्हा विणली. आधी तो खांब नकळत गळत होता, आता आठवणीनं गाळावा लागला. तिथं येताच सुई आपोआप भोकात शिरायची, ती बाहेर काढायची, आणि वळायचं.

आठवड्यानं आईनं विचारलं, "आलं का तिचं पार्सल?"

"आलं."

आईनं नव्या ओळी हाताखालून घातल्या, एकेक कड मोजली आणि मान हलवली. "बघ. याला हात म्हणतात. तिच्याकडून थोडं शिकून घ्यायचं होतंस."

"हो," धाकटी म्हणाली, आणि तिनं आईची उशी सारखी केली.