न विचारता जोडलेला फोन

टिंग! शांत खोलीत स्पीकर आपसूक बोलला, "अमोघ का फोन कनेक्टेड."

चहा गाळताना माझी मैत्रीण चारुता थबकली. ओरछा गेटजवळच्या तिच्या नव्या घरी मी आणि माझी लेक कश्मिरा पहिल्यांदाच आलो होतो. तेवढ्यात आम्हाला न्यायला आलेला माझा नवरा अमोघ दारात उभा राहिला.

"बापरे, चारुताजी, गल्ली विचारत विचारत आलो!"

"या जीजाजी, घर मिळालं ना?" ती म्हणाली, पण माझ्याकडे बघेना.

मी कश्मिराची वेणी सोडून पुन्हा घालू लागले.

"आई," तिने मान वळवली, "आपल्या स्पीकरला पहिल्यांदा बटण दाबून बाबांचा फोन जोडावा लागला होता ना? मग हा बाबांना कसा ओळखतो?"