बुडालेल्या बिया

ताईने एवढंच सांगितलं होतं: ओकच्या बिया पाण्याच्या बादलीत टाक, चांगल्या ठेव, वाईट फेकून दे. चांगल्या कुठल्या, हे सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढल्यावर काही गोष्टी सगळ्यांनाच ठाऊक असतात असं वाटायला लागतं.

धाकटा भाऊ होड्या दुरुस्त करणारा. त्याने तरंगणाऱ्या बिया टॉवेलवर नीट पसरल्या आणि तळाशी गेलेल्या घरामागच्या ओढ्यात ओतून दिल्या.

ताई कुदळ आणि जाळी घेऊन आली. टॉवेलवरची एक बी तिने चिमटीत दाबली. कवच पिचलं. आत अळीने पोखरलेला भुगा.

"अरे, ह्या पोकळ आहेत! बुडालेल्या कुठेत?"

"बुडालेल्या कोण ठेवतं, ताई? आमच्याकडे बुडालं की कारभार आटोपला."

भावजय दारात हसू दाबत उभी होती. "वन्सं, यांच्यावर काम सोपवलंत ना? मग चूक तुमचीच."

ताई हसली नाही. कोपऱ्यावरचा जुना ओक गेल्याच आठवड्यात रस्तारुंदीत तुटला होता. थंडीच्या तोंडाशी टेकडीवरची हरणं खाली उतरत, ती त्याच्या बियांसाठी. आसपास दुसरा ओक नव्हता. तोडायच्या आदल्या दिवशी तिने वेचल्या तेवढ्याच या बिया. त्या गेल्या, की हरणांची वाट कायमची मोडली.

"कुठे ओतल्यास?"

"त्या सपाट दगडापाशी. पण आता कशाला जातेस? एव्हाना पुलापलीकडे गेल्या असतील."

"दिवसभर होड्यांत असतोस ना तू?" ताईने चपला काढल्या. "घोटाभर पाणी, त्याला ना ओढ ना जोर. बुडालेलं जाईल कुठे?"

मग त्यानेही विजार गुडघ्यापर्यंत वर घेतली.

पाणी हाडं गोठवणारं होतं. बिया दगडाच्या बुडाशी, गाळात रुतून तशाच पडल्या होत्या. दोघांनी चाचपडत चाचपडत वेचल्या. ब्याऐंशी भरल्या. ताईने एक कापून पाहिली. आतला गर घट्ट, पिवळसर.

"एक्क्याऐंशी," ती समाधानाने म्हणाली.

दुपारी ती उतारावर खुंट्यांना ताणलेल्या दोरीच्या ओळीत बोटाच्या दोन पेरांएवढे खड्डे करू लागली. प्रत्येक बी आडवी, वर माती.

"फळ कधी धरणार?" भावाने विचारलं.

"वीसेक वर्षांनी."

"तोवर हरणं कशाला येतील?"

"पालवी फुटली की येतील. रोपं फस्त करायला. जाळी काय शोभेला आणलीय?"

भावाने उताराकडे पाहिलं. मग त्याने खुंटी उपटली आणि दोरी आणखी दोन पावलं पुढे ताणली.

"जरा लांब लांब लाव," तो म्हणाला. "दाटीत शिंगं अडकायची त्यांची."