चेहऱ्यावरचे ऊन

टेबलावर श्वास तपासायचे यंत्र होते. त्याच्या इवल्या पडद्यावर शून्य उमटलेले होते, तरी साहेब तो पुन्हा पुन्हा निरखत होते. बाहेर क्रेन थांबली होती. ती थांबली की साऱ्या बांधकामावर एक पोकळ शांतता उतरे, आणि आज त्या शांततेचे कारण आपण आहोत, हे खुर्चीत अंग चोरून बसलेल्या क्रेनचालकाला कळत होते. चेहऱ्यावर ऊब चढू लागली. आधी नाकाचा शेंडा, मग गाल, मग हनुवटी. रिकाम्या घरात कुणी एकेका खोलीत दिवा लावत यावे तशी.

"शून्य आहे, साहेब."

"दिसतंय मला." साहेबांनी यंत्र खणात टाकले. "पण आत्ता तुम्ही कसे लालबुंद दिसताय, ते बघा एकदा आरशात."

"त्वचेचा आजार आहे तो. रोझेशिया म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं..."

"असेल हो. पण तक्रार आलीय. तुमच्या हुकाखाली माणसं वावरतात. उद्यापासून वर चढायच्या आधी रोज यात फुंकायचं. आणि पुन्हा कुणी काही बोललं, तर केबिन सुटली समजा. गोदामात बसाल."

"तक्रार कुणाची?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. "ते नका विचारू."

शिडीच्या पायथ्याशी इशारेवाला उभा होता. गळ्यात सदैव शिट्टी, म्हणून त्याचे नावही शिट्टीच. "काय रे कंदिला," तो ओरडला, "साहेबांनी काच पुसायला बोलावलं होतं का?"

आजूबाजूचे हसले. क्रेनचालकही हसला, पण ते हसू ओठांवरून पुढे सरकले नाही. हाच असेल का? या माणसाच्या उचललेल्या तळव्यावर त्याने इतकी वर्षे लोखंड हवेत थोपवून धरले होते. त्याच्या बोटाच्या गिरकीवर ते वर नेले होते. आज वरून पाहताना त्या प्रत्येक इशाऱ्यात त्याला संशय दिसत राहिला. दुपारी एक तुळई खाली उतरवताना इशारा टिपायला त्याला क्षणभर उशीर झाला. तुळई झुलली. शिट्टीने मान वर करून पाहिले, जरा जास्तच वेळ पाहिले.

केबिनला चारी बाजूंनी काच होती आणि ऊन तिथे भाड्याने राहिल्यासारखे मुक्कामाला असे. त्याने जुन्या चादरीचा तुकडा पश्चिमेकडे बांधला, डब्याच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यातून मलम काढले आणि कुणी पाहत नाही अशा त्या उंचीवर चेहऱ्याला लावले.

डॉक्टरीणबाई वयाने त्याच्या मुलीएवढ्या. "चेहऱ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या पटकन फुलतात तुमच्या," त्या म्हणाल्या होत्या. "संसर्ग नाही, कुणाला लागणार नाही."

"जाईल कधी?"

"पूर्ण जाईल असं नाही सांगता येणार. ताब्यात ठेवता येईल. ऊन टाळायचं, कढत चहा नको, तिखट बेतानं. दारूनंही भडकतो."

"मी पीत नाही."

"मी कुठं म्हटलं, काका? आणि हो, काळजी करायची नाही."

ते ऐकून त्याला हसू आले होते. काळजीने चेहरा पेटायचा आणि पेटलेल्या चेहऱ्याची पुन्हा काळजी लागायची. या फेऱ्यातून बाहेर पडायचा दरवाजा कोणत्या भिंतीत होता?

मग बाईंनी त्याच्याजवळची जुनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली. "ही कुणी दिली? स्टेरॉइड आहे यात. आधी उजळतं, मग दुप्पट भडकतं. ही एकदम तोडू नका. मी सांगते तशी कमी करत बंद करा."

ती ट्यूब बायकोने औषधाच्या दुकानातून आणली होती. रोज झोपण्यापूर्वी ती स्वतःच्या बोटाने ते मलम त्याच्या गालांवर लावत असे, तोंडातल्या तोंडात काही गुणगुणत. त्या बोटाने अपाय केला, हे तिला कोणत्या शब्दांत सांगायचे? म्हणून त्याने दवाखाना लपवला, नवे मलम लपवले. घरात शिरण्याआधी तो फाटकाशेजारच्या नळावर तोंड धुऊ लागला.

त्या संध्याकाळीही त्याने तोंड धुतले. बायकोने दार उघडून त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि क्षणभर अगदी जवळ उभी राहिली. हल्ली ती अशी जवळ येई. उतारवयातला हा ओलावा त्याला मनोमन आवडू लागला होता.

"चहा ठेवू?"

"ठेव. पण निवू दे."

"हल्ली तुम्हाला सगळं निवलेलंच लागतं." ती हसली नाही. पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली. "अहो, त्या यंत्रात किती आलं?"

यंत्राबद्दल तो घरी एक अक्षरही बोलला नव्हता.

दिवसभर त्याने उंचावरून एकेक माथा न्याहाळला होता. आणि तक्रार इथे उंबऱ्यात, त्याची पिशवी छातीशी धरून उभी होती. तिच्या वडिलांचा चेहरा असाच लाल असे; दारूनेच ते गेले. तेव्हा दारामागे कान देऊन उभी असलेली मुलगी तिच्या डोळ्यांतून अजून निघून गेली नव्हती. रागवावे असे त्या डोळ्यांत काही नव्हते, आणि तेच त्याला जड जात होते.

"सांगा ना," ती म्हणाली. "रोज तोंड धुऊन येता. त्या कप्प्यात काहीतरी लपवता. मला उघडून बघायचा धीर नाही झाला हो. खाली माणसं असतात. मी काय करणार होते?"

गालांवर ऊब चढली. या वेळी त्याने चेहरा वळवला नाही. तिच्या हातातल्या पिशवीचा कप्पा उघडून त्याने अर्धे संपलेले मलम काढले, तिच्या तळव्यावर ठेवले आणि तिची बोटे त्यावर अलगद मिटली.

"अहो, किती आलं?"

"शून्य," म्हणत तो तिच्या बाजूने आत गेला. पुढच्या खोलीतल्या दिव्याखालून जाताना तो नेहमी मान खाली घालत असे. आज त्याने ती घातली नाही.