मोटर काढून घे

महांतेश मूळचा गडहिंग्लजचा. कोल्हापुरात शाहूपुरीच्या एका बोळात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटरी यायच्या, तो आणि आकाराम नावाचा त्याच्याहून वयानं मोठा कारागीर त्या उघडून पुन्हा तार भरायचे. शिरोळकडची बरीच गिऱ्हाइकं होती. त्यातला कृष्णात पंधरा वर्षं येत होता. मोटर टाकायला आला की दुपारभर थांबायचा, डबा सोडायचा, अर्धी भाकरी महांतेशला द्यायचा. याला मैत्री असं कधी कुणी म्हटलं नव्हतं.

दोन हजार पाचच्या जुलैअखेर नदी चढायला लागली तेव्हा कृष्णातचा दुकानात फोन आला. सकाळचे दहा वाजले असतील. पाणी नदीकाठच्या मोटरपासून दहा फुटांवर आहे, ठेवू का काढू, असं त्यानं विचारलं. महांतेशच्या हातात काम होतं. तो म्हणाला, "पाण्यात गेली तर वाइंडिंग जाईल. काढून घे." कृष्णातनं बरं म्हणून फोन ठेवला.

चौथ्या दिवशी तो खालच्या गावाच्या हद्दीत बाभळीला अडकलेला सापडला.

महांतेशला बातमी मिळाली तेव्हा रस्ते बंद होते. रस्ते उघडले तेव्हा तो गेला नाही. दहावं झालं, तेरावं झालं. बायको पवित्रानं दोनदा विचारलं, जाऊन येऊ या का म्हणून. तो म्हणाला, बघू. मग तिनं विचारायचं सोडलं.

तो रडला नाही. जेवायचा, दुकानात जायचा, तार भरायचा. फक्त फोन उचलायचा बंद झाला. वाजला की आकाराम उचलायचा. गिऱ्हाइकानं समोर येऊन काही विचारलं, मोटर बदलू का, केबल जाड घालू का, तर महांतेश म्हणायचा, तुमचं तुम्ही बघा. लोक आकारामला विचारायला लागले. घरात कुणी हसलं तरी त्याला ते काचेपलीकडं चाललंय असं वाटायचं. जानेवारीत गडहिंग्लजला त्याची अव्वा आजारी पडली. तो गेला, उशाशी बसला, परत आला. बसमध्ये त्याच्या लक्षात आलं, की आई आजारी आहे याचंही आपल्याला काही वाटलेलं नाही. हे त्यानं पवित्राला सांगितलं, आणि तिनं दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरांनी बीपी बघितलं, साखर बघितली, सगळं ठीक निघालं. त्यांनी स्वप्नाली इंगवले या मानसोपचार करणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. पवित्रा बाहेर बाकावर बसली आणि तो आत गेला. काय वाटतंय, असं बाईंनी विचारलं.

"काय न्हाय," तो म्हणाला.

बाईंनी ते मान्य केलं. काहीच न वाटणं हेही असतं, म्हणाल्या. का, कधीपासून, असं खोदून विचारलं नाही. एक वही दिली. तासातासाला काय केलं ते लिहायचं आणि पुढं दहापैकी आकडा टाकायचा, त्यात किती बरं वाटलं त्याचा. बरं वाटायची वाट बघत बसायचं नाही, आधी करायचं, वाटणं मागून येतं, आलं तर. महांतेशला हे पोरांच्या अभ्यासासारखं वाटलं. तरी त्यानं लिहिलं. आठवडाभर शून्यच शून्य. एका ठिकाणी दोन. मोटरच्या आतल्या स्टेटरच्या खाचेत तारेखालचा कागद बरोब्बर बसला तेव्हाचे. बाईंनी त्या दोनवर बोट ठेवलं आणि हे काम रोज थोडं जास्त करा, एवढंच सांगितलं. शिवाय सकाळी रंकाळ्यापर्यंत चालत जायचं, वाटलं तरी, नाही वाटलं तरी.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला, पवित्रानं सांगितल्यावरून, त्यांनी फोनचा विषय काढला. तो वाजला की काय होतं? हात गार पडतात, तो म्हणाला. त्या वेळी डोक्यात काय येतं?

"मी मारला त्याला," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं, दहा वाजता आलेल्या फोनपासून. सांगताना आवाज हलला नाही. बाईंनी ते तीन शब्द त्याच्याच भाषेत कागदावर लिहिले आणि विचारलं, हे किती टक्के खरं वाटतं. शंभर, तो म्हणाला.

त्यांनी खोडून काढलं नाही. तुमचा काही दोष नाही, असंही म्हणाल्या नाहीत. दुकानात तो फोन ऐकलेल्या आकारामनं ते कधीच म्हणून झालं होतं आणि त्याचा उपयोग झाला नव्हता. त्यांनी असं समजावलं, की फोन वाजतो आणि हात गार पडतात, या दोन्हींच्या मध्ये हा विचार येतो. इतक्या झटकन येतो की तो विचार आहे हेच कळत नाही, घडलेली गोष्टच वाटते. तो खरा असेल, नसेलही. तपासायचा.

"गिऱ्हाईक म्हणालं मोटर जळलीय, तर तुम्ही लगेच सगळी तार उपसता?"

"न्हाय. मीटर लावून बघतो आधी."

"मग यालाही लावू."

कागदाला दोन बाजू केल्या. एका बाजूला, हे खरं आहे असं कशावरून. तो म्हणाला, मी काढ म्हटलं नसतं तर तो गेला नसता. दुसऱ्या बाजूला काही सुचेना. बाईंनी विचारलं, आधीच्या वर्षी मोटर कुणी काढली? तोच काढायचा, दरवर्षी. तेव्हा तुम्हाला विचारायचा? कधी विचारायचा, कधी नाही. त्या सकाळी पाणी किती वेगानं चढणार हे तुम्हाला ठाऊक होतं? नव्हतं. आज ठाऊक आहे ते त्या दिवशीच्या माणसावर लादायचं नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी एक गोल काढला आणि या मरणाला जे जे कारणीभूत झालं त्याचे वाटे त्यात पाडायला सांगितले. स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी. नदी, घसरडा काठ, एकट्यानं जाणं, दरसालची सवय, कृष्णातचा स्वतःचा निर्णय. सगळे वाटे घातल्यावर महांतेशच्या वाक्याला एक चिंचोळी फोड उरली.

तो त्या गोलाकडं बघत म्हणाला, "हिशेब बरोबर हाय मॅडम. पर आत काय हालत न्हाय."

"हालणार नाही. नुसत्या कागदानं हालत नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, कृष्णातच्या घरी गेलात तर काय होईल? तो लगेच म्हणाला, तानाबाई उंबरा चढू द्यायची नाही. माझ्या माणसाला मारलंस म्हणेल. किती टक्के खात्री? नव्वद. ते लिहून घेतलं. न गेल्यामुळं ही खात्री तुम्ही कधी तपासलेलीच नाही, असं त्यांनी सांगितलं. जा असं म्हणाल्या नाहीत. पंधरा दिवसांनी तो आपणच गेला.

एसटीनं शिरोळ, तिथून वडापच्या जीपनं गाव. कृष्णातची बायको तानाबाई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. भाऊबंदातला बाळासो गोठ्यात होता. तिनं मान वर करून बघितलं.

"आलासा व्हय," ती म्हणाली. "बसा."

तो उभाच राहिला. म्हणाला, "मीच सांगितलं हुतं त्याला, मोटर काढ म्हणून."

"म्हाईत हाय की. फोन ठेवला आन् मला सांगितलं ह्यांनी. मीबी म्हटलं, काढा. बाळासो म्हणाला, दोर घिऊन येतो, थांबा. थांबलं न्हाईत." तिनं शेंगा फोडायचं थांबवलं नव्हतं. मग थांबवलं. "त्याचं काय न्हाय. पर तुम्ही दहाव्याला न्हाय, तेराव्याला न्हाय. सारं गाव आलं, पावणं आलं. मी दारात बघायची, आता कोल्हापूरचं येतील. दुपारची भाकरी तुमच्याबरं खायाचं ते. तुम्ही यायाला पायजे हुतंसा."

नऊ महिने त्यानं स्वतःवर जो आरोप ठेवला होता तो या घरात कुणीच ठेवला नव्हता. जो ठेवला होता तो त्याच्या ध्यानातही आला नव्हता, आणि तो खरा होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला आणि खाली बसला.

तिनं ताट वाढलं. तो जेवला. बाळासो येऊन बसला आणि नदीनं कुणाकुणाचं काय नेलं ते सांगत राहिला. जाताना तानाबाई म्हणाली, आता येत जावा. तो हो म्हणाला.

पुढच्या खेपेला बाईंनी नव्वदाचा कागद काढला. उंबरा चढू दिला का? दिला. मारलंस म्हणाली का? नाही. मग काय म्हणाली, ते त्यानं सांगितलं. त्या वेळी काय वाटलं, दहापैकी किती वाटलं, असं त्यांनी सवयीनं विचारलं आणि लिहायला पेन उचललं. नेहमीचं उत्तर त्याच्या तोंडाशी आलं होतं, पण त्यानं ते गिळलं.

"लाज वाटली," तो म्हणाला. "पाच तरी असंल."

बाईंनी पाच लिहिले. "मी मारला त्याला" याच्यापुढं आता किती, असं विचारल्यावर तो चाळीस म्हणाला. जून-जुलैत पाऊस लागला तेव्हा ते परत सत्तरावर गेलं. हे होणार, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. तेव्हा त्यानं वही काढली, दोन्ही बाजू स्वतः लिहिल्या, रंकाळ्यापर्यंत जाऊन आला. पाणी चढलं तसे फोन यायला लागले. पहिले दोन आकारामनं घेतले. तिसरा महांतेशनं उचलला. मोटर काढा, पण तिघं मिळून जा, दोर बांधून, आणि पाणी काठाला लागलं असेल तर राहू द्या, असं तो म्हणाला. ठेवल्यावर हात गार होते. तरी त्यानं चौथाही घेतला. सप्टेंबरात बाईंकडं जाणं थांबलं. तो आनंदी झाला होता असं नाही. वहीत तीन-चारच्या वर आकडा क्वचित जायचा.

त्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो दाढीला न्हाव्याच्या दुकानात बसला होता. गालाला साबण लावलेला, मान मागं टेकलेली. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस उसाच्या तोडीबद्दल काहीतरी बोलत होता. एकाएकी महांतेशच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. न्हाव्यानं वस्तरा बाजूला धरला. डोळ्यात साबण गेला काय, असं त्यानं विचारलं. महांतेशनं नुसती मान हलवली. दहाएक मिनिटं तो तसाच बसून राहिला. न्हाव्यानं पुन्हा साबण लावला आणि दाढी पुरी केली.

घरी आल्यावर पवित्रानं त्याच्या तोंडाकडं बघून विचारलं, काय झालं.

"कृष्णात गेला की गं," तो म्हणाला.

ती ओले हात पदराला पुसत त्याच्याजवळ येऊन बसली.