पाय की ब्रेक

"दाब!" ट्रॅक्टरखालून नोलीन ओरडली.

वर बसलेल्या क्लेमने पेडल दाबलं.

"धरून ठेव. सोडलंस तर बघ!"

"कुणाला शिकवतेस?" क्लेम गुरगुरला.

बोलला ते खरंच होतं. लग्न झाल्यापासून खाली तो आणि वर ती, अशीच वाटणी होती. तो ओरडायचा, ती पेडल दाबायची. आता त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे टास्मानियाच्या त्या लाल मातीत पाना घेऊन नोलीन आडवी झाली होती, आणि खरं सांगायचं तर तिला मजा येत होती.

परवा क्लेम उतारावरून येत असताना ट्रॅक्टर थांबलाच नाही. कुंपण तोडून थेट तळ्याच्या चिखलात रुतला. क्लेम म्हणाला, ब्रेक लागला नाही. त्यांचा मुलगा कीरन म्हणाला, पाय पोचला नसेल. किल्ली त्याने खिशात घातली आणि वर ऐकवलं, "ब्रेकमध्ये खोट निघाली तर किल्ली परत. नाही निघाली, तर बाबांनी पुन्हा ट्रॅक्टरवर चढायचं नाही."

"खोट निघणारच," नोलीनने ठणकावलं होतं. "ह्याचा पाय मला ठाऊक आहे."

ब्रेकच्या नळ्या बाहेरून कोरड्या होत्या, गळती कुठेच नव्हती. तेल भरपूर होतं. हवा काढायचा स्क्रू सैल केला तर तेलाची धार सलग आली, हवेचा बुडबुडा नाही. कीरन शेडच्या दाराशी हाताची घडी घालून उभा होता.

"अगं, बुडतंय!" क्लेम एकदम ओरडला. "पेडल बुडतंय पायाखाली, हळूहळू!"

"बुडतंय ना? म्हणजे तेल बाहेर न गळता आतल्या आतच मागे पळतंय. सापडला चोर!"

तिने पेडलजवळचा सिलिंडर काढून उघडला. आतली रबरं भिजवलेल्या वाटाण्यासारखी टम्म फुगली होती, एक तर फाटलंच होतं.

"जुनी झाली असतील," कीरन म्हणाला.

"जुनं रबर तडकतं रे, फुगत नाही. जा, पाणी आण ग्लासभर."

तिने पाण्यात त्या तेलाचे दोन थेंब सोडले. ह्या जुन्या ट्रॅक्टरच्या ब्रेकला खनिज तेल लागतं, ते पाण्यावर तरंगतं. हे थेंब पाण्यात विरून गेले. म्हणजे मोटारीचं ब्रेक-ऑइल, ह्या रबरांचं विषच!

"तू ओतलंस, गाढवा?"

"आई, शप्पथ, मी डबाही उघडला नाही!"

"मी ओतलं," क्लेम म्हणाला.

मोटारीचा डबा ह्या शेडमध्ये आणायचा नाही, हा नियम क्लेमचाच. त्यावरून त्याने एका शेजाऱ्याला हाकलूनही दिलं होतं.

"बटाटे काढायच्या आधी. वरपर्यंत भरलं." तो सावकाश बोलत होता. "डब्यावरचं वाचलंही होतं गं मी. वाचून मग ओतलं."

डोकं चुकण्यापेक्षा पाय चुकला असता तर बरं झालं असतं, असं नोलीनला वाटून गेलं.

"अरे, होतं कधीतरी," ती म्हणाली.

"माझ्याकडून नाही होत."

कीरनने किल्ली पुढे केली. दिला शब्द पाळणारं पोर. "खोट ब्रेकमध्येच होती, बाबा. तुमचा पाय ठीक आहे."

"ते मी सांगतच होतो," क्लेम ताठ मानेने म्हणाला. त्याने किल्ली घेतली आणि नोलीनच्या तेलकट हातात दिली. "उतारावर नीट बघून घे. आधी डाव्या चाकाचा ब्रेक, मग उजव्याचा, मग दोन्ही एकदम."

सिलिंडर, नळ्या सगळं धुऊन, नवी रबरं आणि योग्य तेल घालून होईपर्यंत दुपार कलली. नोलीनने डावा पाहिला, उजवा पाहिला. उताराच्या मधोमध दोन्ही दाबले तर ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला, आणि तिला हसूच फुटलं.

"कसा आहे?" मागून चालत येणाऱ्या क्लेमने विचारलं.

"फक्कड!"

खाली फाटक बंद होतं. ट्रॅक्टरवरच्याने उतरायचं नसतं, पायी असेल त्याने फाटक उघडायचं, हा इकडचा रिवाज. आजवर ते काम नोलीनचं होतं. ती सवयीने उतरायला निघाली, तेवढ्यात क्लेम गुडघे सांभाळत तिच्या बाजूने पुढे गेला. त्याने कडी काढली, फाटक सताड उघडलं आणि ट्रॅक्टर पार होईपर्यंत ते धरून उभा राहिला.